‘बेजार’, ‘उत्तेजना’ आणि चित्र पाहणारे मन

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका अभ्यासक भगिनींनी कळवले आहे की, त्या मानसशास्त्राच्या प्रबंधासाठी गावातील मराठी भाषकांना छायाचित्रे दाखवून त्यांच्या मनात काय उमटले याची नोंद घेणार आहेत. इंग्रजी प्रश्नावलीतील ‘अराउझल’साठी, म्हणजे चित्र पाहून मन किती हलले या अर्थाने, त्यांना ‘उत्तेजना’ हा शब्द सुचवण्यात आला आहे. तो चालेल का, आणि नकोशा भावनेच्या टोकाला आपल्या भागात सर्रास बोलला जाणारा ‘बेजार’ लिहावा का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

माझ्या मते दोन्ही शब्द टाळावेत. कारणे थोडी सविस्तर सांगतो, कारण अशा प्रश्नावलीत शब्द चुकला तर आकडाच चुकतो.

या प्रकारच्या संशोधनात सर्वाधिक वापरला गेलेला चित्रसंच फ्लोरिडा विद्यापीठात पीटर लँग, मार्गारेट ब्रॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला. त्यात साप, बंदुका, छिन्नविच्छिन्न देह, तान्ही बाळे, खाद्यपदार्थ, अगदी साध्या घरगुती वस्तूही आहेत. प्रत्येक चित्राला नऊ पायऱ्यांच्या मापावर मुख्यतः दोन गुण द्यायचे असतात: चित्र किती सुखद किंवा दुःखद वाटले, आणि त्याने मन किती चाळवले. भाषेची अडचण येऊ नये म्हणून मापावर शब्दांऐवजी छोट्या मनुष्याकृती वापरतात. एक ओळ हसऱ्या चेहऱ्यापासून रडवेल्या चेहऱ्याकडे जाते, दुसरी टक्क जाग्या आकृतीपासून पेंगणाऱ्या आकृतीकडे. परंतु आकृतींचा अर्थ समजावून सांगण्यासाठी शेवटी शब्दच लागतात, आणि संस्कृती तेथूनच मापात शिरते.

‘उत्तेजना’ या शब्दाला आज मराठीत कामभावनेची किंवा चिथावणीची छटा चिकटलेली आहे. गावातील एखाद्या काकूंना ‘हे चित्र पाहून किती उत्तेजना वाटली?’ असे विचारले, तर त्या संकोचाने सर्वांत खालच्या पायरीवर खूण करतील, आणि ती खूण चित्राबद्दल काहीच सांगणार नाही. ‘खळबळ’ वर्तमानपत्री झाला आहे, ‘हेलावणे’ दुःखाकडे झुकतो. मला ‘मन किती ढवळून निघाले?’ हा प्रयोग सर्वांत जवळचा वाटतो. समजावून सांगताना ‘अंगावर काटा येणे’ या वाक्प्रचाराचा आधार जरूर घ्यावा, कारण काटा भीतीनेही येतो आणि पालखी समोर आल्यावर भक्तीनेही येतो; सुख की दुःख हा प्रश्न बाजूला ठेवून मन किती हलले एवढेच त्यातून कळते. भरताच्या नाट्यशास्त्रातील आठ सात्त्विक भावांत रोमांच आणि स्वेद यांची गणना आहे. प्रयोगशाळेत चित्र पाहणाऱ्याच्या तळहातावरील घामामुळे त्वचेची विद्युतवाहकता किती वाढते हे मोजून मन किती हलले याचीच मोजणी पडताळतात, याचे मला नेहमी अप्रूप वाटते.

मन किती हलले या मापाच्या खालच्या टोकाला आणखी एक अडचण आहे. इंग्रजी सूचनांत तेथे शांत, निवांत, सुस्त आणि पेंगुळलेला हे अर्थ एकाच रांगेत बसवलेले असतात. आपल्याकडे ‘शांत’ आणि ‘सुस्त’ यांची एका पंगतीत गणना होऊ शकत नाही. एक मिळवण्याची अवस्था आहे, दुसरी झटकण्याची. मानसशास्त्रज्ञ जीन त्साई यांनी 2006 मध्ये दाखवले की युरोपीय वंशाचे अमेरिकन उत्साहाने भारलेल्या आनंदाला अधिक मोल देतात, तर हाँगकाँगमधील चिनी लोक शांत आनंदाला. म्हणजे शांतपणाचे मोलही संस्कृतीगणिक बदलते. म्हणून मराठी सूचनेत ‘मन स्थिर राहिले’ एवढेच लिहावे, ‘सुस्त’ काढून टाकावा.

आता ‘बेजार’. मूळ फारसीतून आलेला हा शब्द मराठीत ‘उकाड्याने बेजार झालो’, ‘पोरांनी बेजार केले’ असा, म्हणजे त्रासून जाणे या अर्थाने स्थिरावला. कन्नडमधील ‘बेजारु’ मात्र कंटाळा, खिन्नता आणि मन दुखावणे या तिन्ही अर्थांनी चालतो. ‘बेजारु माडकोबेडा’ म्हणजे ‘वाईट वाटून घेऊ नकोस’. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे दोन्ही भाषा रोज कानांवर पडत असल्यामुळे उत्तर देणाऱ्याच्या मनात यांपैकी कोणता ‘बेजार’ आहे हे संशोधकाला कळणार नाही. पडक्या घराचे चित्र पाहून कुणी ‘बेजार’ म्हटले, तर ते खिन्नतेने की नुसत्या कंटाळ्याने? ‘वाईट वाटले’ हा साधा प्रयोग ठेवावा, आणि कंटाळा, किळस, भीती यांच्यासाठी वेगळे रकाने करावेत.

शब्दांइतकीच चित्रांचीही पारख हवी. उषा मेनन आणि रिचर्ड श्वेडर या संशोधकांनी भुवनेश्वरच्या मंदिर परिसरातील लोकांना शिवाच्या छातीवर पाय ठेवून जीभ बाहेर काढलेल्या कालीचे चित्र दाखवले होते. त्यांचा लेख 1994 चा आहे. कथा ठाऊक नसलेल्या माणसाला त्या मुद्रेत रौद्र क्रोध दिसेल. तेथील जाणत्या लोकांनी मात्र ती लज्जा असल्याचे सांगितले: आपण पतीवर पाय दिला हे ध्यानात येताच देवीने जीभ चावली. मराठी माणसाला हे सहज पटावे, कारण चूक उमगल्यावर जीभ चावणारे आपणही आहोत. चित्रसंचातील सापाचेही तसेच आहे. पिंपळाखालच्या नागशिळेला हळदकुंकू वाहणाऱ्या बाईच्या मनात सापाचे चित्र पाहून भय आणि आदर एकदमच उठू शकतात, आणि सुखद-दुःखद मापावरची तिची मधली खूण ‘काहीच वाटले नाही’ अशी वाचली जाईल. तेथे मन किती हलले या दुसऱ्या प्रश्नाचा आकडा पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

चित्रात चारचौघे असतील तर आणखी एक नोंद घ्यावी. मानसशास्त्रज्ञ ताकाहिको मासुदा यांच्या 2008 मधील अभ्यासात, मधल्या व्यक्तीची भावना ठरवताना जपानी प्रेक्षकांवर भोवतालच्या चेहऱ्यांचा प्रभाव पाश्चात्त्य प्रेक्षकांपेक्षा अधिक पडलेला आढळला. यासाठी ‘या माणसाला काय वाटत असेल?’ आणि ‘हे चित्र पाहून तुम्हाला काय वाटले?’ हे दोन प्रश्न मराठीत कटाक्षाने वेगळे विचारावेत, ‘कसे वाटते?’ एवढ्या मोघम प्रश्नात ते एकमेकांत मिसळतात.

अंतिम मसुदा छापण्यापूर्वी तो मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या, मराठी आणि कन्नड दोन्ही जाणणाऱ्या व्यक्तीकडून उलट इंग्रजीत करून घ्यावा, आणि गावातील काही जणांना मापाशिवाय नुसती चित्रे दाखवून त्यांच्या तोंडून येणारे शब्द जसेच्या तसे उतरवून घ्यावेत. ‘कसंतरीच झालं’, ‘काळजात चर्र झालं’, ‘जीव निवला’ अशी उत्तरे येतील. सूचनेतील उदाहरणे त्यांतूनच निवडावीत.