अपडेटचे बटण दाबण्यापूर्वी

अँड्रॉइडच्या अपडेटने फोनमधील माहिती सहसा पुसली जात नाही. परंतु ते अर्धवट राहून फोन सुरूच झाला नाही, तर बहुधा फॅक्टरी रीसेटवाचून (म्हणजे फोन पुसून पुन्हा कोरा केल्यावाचून) मार्ग उरत नाही आणि सातबाऱ्याच्या फोटोंपासून लेकीच्या बारशाच्या व्हिडिओपर्यंत सारे जाते. म्हणून फोटो आधी केबलने संगणकावर उतरवून घ्यावेत व त्यांतील दोन-चार उघडून पाहावेत. नुसत्या गूगलवरच्या बॅकअपवर (तिथे साठवलेल्या राखीव प्रतीवर) विसंबू नये: गूगल खात्यात १५ जीबी जागाच मोफत मिळते, त्यातच फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअपही मोजला जातो; जागा संपली की बॅकअप थांबतो, हे नवख्याच्या ध्यानी येत नाही (माझ्याही आले नव्हते). परभणी-हिंगोलीकडच्या खेड्यांत वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्याने, बॅटरी निम्म्याहून अधिक भरल्याशिवाय अपडेट सुरू करू नये.