पगाराचा अर्ज वेगळा, शिवीगाळीचा वेगळा

तुमच्याबरोबर अंधेरीच्या पार्लरमध्ये काम करणाऱ्या नागा मुलीचा दोन महिन्यांचा पगार थकलाय, मालक गिऱ्हाइकांसमोर तिला ‘ए चिंकी’ म्हणतो, तर दाद कुठे मागायची, असं विचारलंत. युनियनच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, त्यातून सुचतं ते लिहितो.

आधी सांगा, ती राहते कुठे? मालकाने दिलेल्या खोलीत असेल तर अर्ज गेल्याचं कळलं की त्याच रात्री सामान जिन्यात येतं. दोनदा पाहिलंय मी. त्यामुळे पहिलं काम खोलीचं. कलिना-वाकोल्याकडे ईशान्येची बरीच मुलं-मुली राहतात. रविवारी चर्चमध्ये भेटणाऱ्या ओळखीतून आठ-पंधरा दिवसांची सोय बहुतेक होते. तिचे मूळ दाखले मालकाच्या कपाटात असतील तर बँकेचं निमित्त सांगून आधी काढून घ्या.

मग अर्ज, आणि ते दोन. पगार, शिव्या, सुट्ट्या सगळं एका कागदावर कोंबलं की प्रत्येक टेबल ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हणून मोकळं होतं.

पगारासाठी वांद्रे-कुर्ला संकुलातलं कामगार भवन, कामगार आयुक्तांचं कार्यालय. नेमणूकपत्र नसेल, अशा ठिकाणी नसतंच. खात्यात जमा झालेला जुना पगार, ‘उद्या दहाला ये’ छापाचे मालकाचे व्हॉट्सॲप, पार्लरच्या एप्रनमधला फोटो, हे सगळं लावा. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक पडल्याशिवाय खिडकी सोडू नका. एका कचेरीतून मी एकदा घाईत पोच न घेता निघालो. दीड महिन्याने उत्तर मिळालं, ‘असा अर्ज आलेलाच नाही.’ ज्याचा अर्ज होता तो तोवर कंटाळून गावी गेला होता.

सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, तेही बघा. नागा नावं आपल्याकडे कशीही लिहितात. कचरा वाहतूक श्रमिक संघाने मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांसाठी, त्यातले बहुतेक दलित, सुप्रीम कोर्टापर्यंत लढून २०१७ मध्ये त्यांना कायम करण्याची केस जिंकली. त्यानंतरही नाव जुळत नाही म्हणून कित्येकांचं अडलं.

शिवीगाळीसाठी पोलीस ठाणं. नागा जमाती अनुसूचित जमातींत येतात, म्हणून १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा इथे लागू शकतो. (मणिपूरच्या मैतेई समाजाची असती तर हा रस्ता नव्हता, तो समाज अनुसूचित जमातींत नाही.) ठाण्यात ऐकवतील, ‘दाखला नागालँडचा, महाराष्ट्रात चालत नाही.’ आरक्षणापुरतं ते बरोबर आहे. पण या कायद्याचं संरक्षण राज्य बदललं म्हणून जात नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये दिलाय. त्याची प्रत पिशवीत ठेवा, हवालदाराशी वाद घालत बसू नका. तपास सहायक पोलीस आयुक्तांच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नसतो. तक्रार घेईनात तर १४५६६ ही ॲट्रॉसिटीची हेल्पलाइन आहे. वकिलाच्या फीची काळजी नको: बाई म्हणूनही आणि अनुसूचित जमातीची म्हणूनही, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला मोफत वकील मिळतो. नंबर १५१००.

अंगाला हात लावणं, घाणेरडं बोलणं असलाही प्रकार असेल तर ती तिसरी तक्रार, तीन महिन्यांच्या आत. पार्लरमध्ये दहापेक्षा कमी माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारी घेणाऱ्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे.

आता अवघड भाग. ॲट्रॉसिटीत अपमान चारचौघांत झाला हे दाखवावं लागतं. गिऱ्हाईक फेशियल करून निघून गेलं, ते काही साक्षीला येत नाही. शब्द ऐकणाऱ्या उरलात तुम्ही. तुमचाही पगार त्याच मालकाकडे आहे, म्हणून ‘तुम्हाला जमेल का?’ हे मी विचारतोय, आग्रह करत नाही. जमणार असेल तर आजच वहीत तारीख टाकून तो काय बोलला ते शब्दन् शब्द लिहा. नसेल जमणार, तर तसं तिला आधीच सांगा, ठाण्याच्या पायरीवर नको.