आज्जी नाटक करत नाहीत

ताई, प्रश्न वाचला तुमचा. आज्जी पंच्याहत्तरीच्या, 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला कुठल्या रस्त्याला जायच्या, मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी घशाखाली कशी उतरायची नाही, सगळं खडानखडा सांगतात, आणि सकाळी नाष्टा केला का विचारलं की "कुणी दिलंच नाही की गं". त्यावर तुमचे काका म्हणतात हे नाटक हाय, सोयीचं तेवढं बरोबर आठवतं. काकांना हे वाचायला द्याच.

मी बरीच वर्षं मानसशास्त्र शिकवलंय आणि हा काकांवाला डायलॉग सोलापुरात घरोघरी ऐकलाय. आपण मेमरी मेमरी म्हणतो ती एकच एक गोष्ट नसतेच मुळी. नवीन आठवण पक्की करायचं काम मेंदूत कानाच्या आतल्या बाजूला असलेला हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा भाग करतो, आणि जुन्या, पक्क्या झालेल्या आठवणींना त्याची गरज हळूहळू कमी होते असं मानतात. हे कळलं हेन्री मोलाइसन नावाच्या अमेरिकन माणसामुळं. 1953 मध्ये, वय 27, फिट थांबाव्यात म्हणून ऑपरेशन करून त्याच्या मेंदूचा दोन्हीकडचा हा भाग बराचसा काढून टाकला. फिट कमी झाल्या पण नवीन काही लक्षात राहायचंच बंद झालं, डॉक्टर खोलीबाहेर जाऊन परत आले की परत पहिली भेट! लहानपणच्या गोष्टी मात्र तो सांगायचा. 2008 मध्ये वारला तोपर्यंत असंच.

त्यातली मला सगळ्यात भारी वाटते ती त्याला तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर बाईंची टेस्ट. आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायची, आपल्याला पण पहिल्यांदा जमत नाही, पेन्सिल उलटीच पळते. हेन्रीचा हात तीन दिवसांत सफाईनं चालायला लागला आणि दरवेळी तो म्हणायचा, हे मी आधी कधी केलंच नाही. म्हणजे हाताला आठवत होतं, त्याला नाही.

तुम्ही लिहिलंय आज्जींनी विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, आयुष्यभर विड्या वळल्या. मग एक करून बघा, मांडीवर सूप द्या, भिजवलेलं पान, कात्री आणि दोरा द्या, तंबाखू नको, नुसतं पान चालेल. बहुतेक पान मापात कापून, वळून, टोक दुमडून दोरा बांधेपर्यंत हात थांबणार नाहीत, आणि पाच मिनिटांनी विचारलं तर म्हणतील मी कुठं काय केलं. ही हाताची मेमरी हिप्पोकॅम्पसच्या भरवशावर नसते.

आता दुष्काळच का आठवतो? तेव्हा त्या विशीबाविशीच्या. साधारण 10 ते 30 वयातलं म्हातारपणी सगळ्यात जास्त आठवतं, हे पुष्कळ अभ्यासांत दिसलंय. लग्न, पहिलं काम, पहिलं मूल सगळं त्यातच येतं, शिवाय ते हजारदा सांगून झालेलं असतं. आणि नवं आधी पुसलं जातं, जुनं शेवटी, हे फ्रान्सच्या रिबो नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1881 मध्येच लिहून ठेवलंय. पण खडानखडा सांगतात म्हणून तपशील बरोबरच असेल असं समजू नका हां, आठवण दरवेळी थोडी नव्यानं बांधली जाते, त्यामुळं रस्त्याचं नाव बदललं तर वाद घालत बसू नका.

घरात ते "ओळखा बरं मी कोण?" बंद करा. माणूस घाबरतं, बाकी काय होत नाही. सरळ सांगावं, "आज्जी, मी अमकी, तुमची नात".

एक मात्र बघा. नाष्ट्याला काय होतं ते आठवत नसेल तर "पोहे होते ना?" असा धागा दिल्यावर "हां हां, शेंगदाणे जास्त होते" असं येतं का? आलं आणि ते खरं निघालं तर आठवण बहुतेक आत आहे, सापडत नव्हती एवढंच. धागा देऊनसुद्धा नाष्टा झालाच नाही म्हणत असतील, किंवा रोजच्या गल्लीत रस्ता चुकत असतील, तर ते वय झालं म्हणून सोडायचं नाही, न्यूरोलॉजिस्टला दाखवा. जाताना चालू गोळ्यांची सगळी पाकिटं घेऊन जा, झोपेच्या गोळ्या असतील तर त्या पण. बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासायचं डॉक्टरांना विचारा, हे कमी पडल्यामुळं होणारा विसराळूपणा उपचारानं सुधारू शकतो. कान पण तपासून घ्या, कारण जे नीट ऐकूच आलं नाही ते आठवणार कुठून. आणि काकांना बरोबर न्या, डॉक्टरांकडून ऐकलं तर पटेल बहुतेक.