सांभाळ करावा, पण रीतसर

प्रश्न : आमच्या वाड्यावरील सात वर्षांच्या पितृहीन मुलीला गावात राहणारे एक मिशनरी कुटुंब शिक्षणासाठी आपल्या घरी ठेवू इच्छिते. आई बागायतीत मजुरी करते व तिची संमती आहे. एवढे पुरेसे आहे का? (एक वाचक, सत्तरी)

उत्तर : नाही. परक्या कुटुंबात दत्तकाविना संगोपन करण्याची तरतूद बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 44 मध्ये आहे. मात्र त्यासाठी बालकल्याण समितीचा आदेश लागतो, समिती त्या कुटुंबाची क्षमता व हेतू पारखते, आणि मुलीच्या हिताला बाध येत नसेल तर आईला ठरावीक काळाने भेटण्याची मुभा देऊ शकते. तोंडी कराराने किंवा स्टॅम्पपेपरवरील कबुलीने यांतले काहीच साधत नाही.

त्याआधी आईजवळ राहूनच मुलीला शिकता येईल का, हे पाहावे. अडचण केवळ पैशांची असेल तर कलम 45 नुसार प्रायोजकत्वाचे साहाय्य मागता येते, आणि आमच्या मते तोच मार्ग बरा. धर्माविषयीची कुजबुज आपण लिहिली नसली तरी गावात ती होणारच, म्हणून सांगतो : सरकारमान्य वा अनुदानित मिशन शाळेतही, संविधानाच्या अनुच्छेद 28(3) प्रमाणे, पालकाच्या संमतीवाचून अल्पवयीन मुलीला धार्मिक शिक्षणास बसण्याची सक्ती करता येत नाही.