तिकिटावरचं २ए आणि डब्यावरचं ए२

सोलापूर, रविवार

बाळा,

तुझी परदेशी पाहुणी मुंबईहून रात्रीच्या गाडीनं एकटी येणार, आणि तू तिला कळवलंस काय, तर "सिद्धेश्वरनं ये, सकाळी स्टेशनवर आहेच मी." आपल्या माणसाला एवढं पुरतं, तिला नाही पुरणार. आपण न बघता जे करतो तेच तिला नेमकं सांगावं लागतं. म्हणून हे वाच आणि तिला समजेल असं लिहून पाठव.

गाडी मात्र बरोबर निवडलीस. १२११५ सिद्धेश्वर एक्सप्रेस सोलापुरातच संपते. हैदराबादकडं जाणाऱ्या गाडीत डोळा लागला तर जाग थेट गुलबर्ग्याला यायची. तिकीट शोधताना सोलापूरचा कोड एसयूआर आहे, हेही तिला सांग.

तिकीट तूच काढ. ऑनलाइन तत्काळसाठी आता आधार जोडलेलं खातं लागतं, तिच्याकडं आधार कुठून येणार? खरं तर तत्काळपर्यंत वेळच आणू नकोस, साधं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. नाव पासपोर्टवर आहे तस्संच घाल, राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात भारत राहू देऊ नकोस, आणि पासपोर्टचा नंबर दोनदा ताडून बघ. वेटिंगवर तिला बोलावू नकोस. चार्ट लागल्यावरही वेटिंगच राहिलं तर ऑनलाइन तिकीट आपोआप रद्द होतं. पैसे परत येतात, पण पाहुणी मुंबईतच राहते. आरएसी म्हणजे बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांनी मिळून रात्र काढायची. तेही नको.

वर्ग सेकंड एसी. पैसे आहेत म्हणून फर्स्ट घ्यायचा मोह होईल. पण तिथं बर्थ आपल्याला निवडता येत नाही, केबिन कुठली ते नंतर ठरतं, आणि दार बंद झालं की आत कोण आहे ते नशिबावर. एकट्या बाईला सेकंडचा पडदा बरा, पलीकडं माणसांची ये-जा असते. त्यातही वरचा बर्थ माग: क्रमांकाला ६ नं भागून बाकी २ किंवा ४ उरली की तो आतल्या बाजूचा वरचा. त्यावर कुणी येऊन टेकत नाही आणि सॅक उशाशी राहते. पायरी अरुंद असते एवढंच.

आता मथळ्यातला घोळ. तिकिटावर '२ए' छापलेलं असतं, तो वर्ग. डब्याच्या दाराशी 'ए१', 'ए२' लिहिलेलं असतं, तो डबा. नवखा माणूस २ए नावाचा डबा शोधत प्लॅटफॉर्म पालथा घालतो. तिच्या तिकिटाचा फोटो घे, डबा आणि बर्थ या दोनच गोष्टींभोवती लाल गोल काढ आणि तोच फोटो तिला परत पाठव.

चढायचं सीएसएमटीवरूनच. टॅक्सीवाल्याला 'व्हीटी' म्हटलं की कळतं. मुंबई सेंट्रल वेगळं, कुर्ल्याचं टर्मिनस वेगळं. दादर जवळ पडलं तरी नको. तिथं गाडी जेमतेम थांबते आणि बॅगा ओढत डबा गाठेपर्यंत सुटते. बेत बदलून ती पुण्याहून चढणार असेल तर तारीख सांभाळ. मुंबईहून १४ तारखेच्या रात्री सुटलेली गाडी पुण्यात मध्यरात्रीनंतर येते, म्हणजे पुण्याचं तिकीट १५ तारखेचं. यात आपले लोकसुद्धा फसतात.

गाडी रात्री दहानंतर सुटते, त्यामुळं जेवून, पाणी घेऊन चढायचं. बेडरोल मिळतो: चादरी, ब्लँकेट, उशी. मोठी बॅग खालच्या बर्थखाली साखळीनं बांधायची; पासपोर्ट, पैसे आणि फोन मात्र अंगावर, संडासला जातानासुद्धा. तिथं कागद नसतो, तो बरोबर हवा, आणि वापरलेला भांड्यात टाकायचा नाही, बायो-टॉयलेट तुंबतं. बेसिनची तोटी फिरत नाही, दाबावी लागते.

कर्जतला गाडी थांबेल आणि मागून एक धक्का बसेल. घाबरायचं कारण नाही. बोरघाटाचा चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ फूट पुढं गेलं की एक फूट वर, म्हणून मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात. हे आधी सांगितलं नाहीस तर मध्यरात्री तुझा फोन वाजेल.

कुणीतरी "जरा बर्थ बदलता का" म्हणून विचारेलच. बहुतेकदा खरीच अडचण असते, तरी तिनं हसून "टीसींना विचारा" म्हणावं. लिहून दिलेल्या जागेवर ती सापडली पाहिजे. अनोळखी माणसानं दिलेलं खाणं नको. त्रास झाला तर टीसी, नाहीतर रेल्वेची हेल्पलाइन १३९.

गजर गाडीच्या वेळेवर नको, गाडी लवकर-उशिरा होते. फोनवर गाडी कुठं आहे ते बघायचं आणि कुर्डुवाडी आली की उठायचं. तिथून तास-सव्वा तास हातात असतो. सोलापूरला तू दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढून तिच्या डब्यासमोरच उभा राहा. बाहेर रिक्षाच्या गराड्यात "गेटवर भेटू" असलं काही ठरवू नकोस.

आणि एक, जे तुझ्या घरात कुणाच्याच डोक्यात नसेल. परदेशी माणूस मुक्कामी आला की २४ तासांच्या आत त्याच्या मुक्कामाची सरकारला माहिती देणारा 'फॉर्म ३' (आधीचा 'फॉर्म सी') ऑनलाइन भरावा लागतो. लॉजलाच नव्हे, घरी उतरवणाऱ्यालाही. त्यासाठी घरमालक म्हणून आधी नोंदणी करायची असते, ती याच आठवड्यात उरक. लॉजवर ठेवणार असशील तर हा फॉर्म भरता का, हे बुकिंगआधी विचार. नाही म्हणणारे दारातूनच परत पाठवतात. तिच्या पासपोर्टचा आणि व्हिसाचा फोटो आजच मागवून ठेव.

— काका