मंगळावर न खोदता यानाच्या रडारला जमिनीखालचा बर्फ कसा दिसतो?
बर्फ थेट दिसत नाही, रेडिओ लहरींचा प्रतिध्वनी दिसतो. काही लहरी पृष्ठभागावरूनच परततात, बाकीच्या आत घुसतात आणि बर्फ संपून खडक लागला की तिथून परत फिरतात, त्यांना किती उशीर झाला त्यावरून खोली काढायची (बर्फात लहरींचा वेग कमी होतो, तेही धरावं लागतं). फ्रिक्वेन्सी कमी तितकं खोल जाता येतं पण बारकावे जातात, म्हणून मार्स एक्सप्रेस या युरोपीय यानावरचा मार्सिस रडार ५ मेगाहर्ट्झच्या आसपास किंवा त्याहून कमी फ्रिक्वेन्सीवर काही किलोमीटर खोल बघतो, तर नासाच्या एमआरओ यानावरचा शॅराड रडार १५ ते २५ मेगाहर्ट्झवर, खोली कमी पण थर सुटे सुटे दिसतात. फक्त एक, चमकदार, म्हणजे जोरदार, प्रतिध्वनी म्हणजे पाणीच असं नाही, २०१८ मध्ये दक्षिण ध्रुवाखाली दीड किलोमीटरवर द्रव पाणी असल्याचं जाहीर झालं, पण तो प्रतिध्वनी चिकणमातीचाही असू शकतो असं काही शास्त्रज्ञ म्हणतात.