पैसे कोणाचे, आणि ते का देतायत?

या वेळच्या टपालात शिष्यवृत्तीबद्दलची पत्रं इतकी आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकललेत. माझ्याबद्दल एवढंच सांगते: एका शिष्यवृत्तीच्या निवड समितीसाठी मी अकरा वर्षं अर्ज वाचले. त्याआधी तिथेच दोनदा नाकारली गेले होते. तेव्हा जे लिहितेय ते दोन्ही बाजूंनी बघून.

ताई, मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गुण पहिल्या वर्गाचे, पण वर्गात पहिली-दुसरी कधीच नव्हते. बाबा म्हणतात, शिष्यवृत्ती हुशार मुलांसाठी असते, उगाच नादाला लागू नकोस. अर्ज करून काही उपयोग आहे का?

बाबांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. काही शिष्यवृत्त्या निव्वळ गुणांवर चालतात. तिथे तुझा नंबर लागणार नाही, आणि ते आधी कळलेलं बरं, निदान महिनाभराची मेहनत वाचेल. पण बाकीच्या ठिकाणी पहिला प्रश्न ‘मी पुरेशी हुशार आहे का’ हा नसतोच. पैसे कोणाचे आहेत आणि ते का देतायत, हा असतो.

ऱ्होड्स शिष्यवृत्तीचंच बघ. सेसिल ऱ्होड्स १९०२ मध्ये वारला. ऑक्सफर्डला शिकायला पाठवायची मुलं नुसती पुस्तकी किडा नसावीत, असं त्याने मृत्युपत्रातच लिहून ठेवलं होतं. मैदानी खेळ, स्वभाव, पुढारीपण, सगळं तपासायला सांगितलं होतं. माणूस कट्टर साम्राज्यवादी, त्याला साम्राज्य सांभाळणारी पोरं हवी होती. पोरी त्याच्या हिशेबातच नव्हत्या. स्त्रियांना ही शिष्यवृत्ती मिळू लागली थेट १९७७ पासून. आता हेतू बदललाय, पण नुसत्या गुणपत्रिकेवर तिथे आजही कोणी जात नाही.

अमेरिकेच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीची गोष्ट तर मला फार आवडते. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेचं लष्करी सामान देशोदेशी पडून होतं. ते विकायचं तर घेणाऱ्या देशांकडे डॉलर नव्हते. सिनेटर विल्यम फुलब्राइट यांनी सुचवलं, त्यांच्याच चलनात पैसे घ्या आणि त्यातून विद्यार्थ्यांची देवाणघेवाण करा. १९४६ मध्ये कायदा झाला. (हे फुलब्राइट स्वतः ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर शिकलेले!) हेतू पहिल्यापासून एकच, माणसांनी एकमेकांचे देश ओळखावेत. तेव्हा तिथल्या अर्जात आपल्या विषयाबरोबर आपण माणसांत कसे मिसळतो हेही दिसावं लागतं.

शेवनिंग शिष्यवृत्तीचे पैसे ब्रिटिश सरकारचे, परराष्ट्र खात्यातून येणारे. पुढे आपापल्या देशात वजन असणारी आणि ब्रिटनशी नातं ठेवणारी माणसं त्यांना हवीत. म्हणून निबंध नेतृत्वावर आणि ओळखी कशा जोडता-टिकवता यावर. जर्मनीच्या डाड (DAAD) या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची विकासविषयक अभ्यासक्रमांसाठी एक शिष्यवृत्ती आहे, तिथे पैसे त्यांच्या विकास मंत्रालयाचे. ‘मला संशोधनाची ओढ आहे’ एवढ्याने तिथे भागत नाही, शिकून आल्यावर तुमच्याकडच्या कोणत्या कामाला हात लागणार ते विचारतात. एकच मुलगी, एकच गुणपत्रिका, पण या चार ठिकाणी चार वेगळे अर्ज लागतील. आमच्याकडे आलेल्या निम्म्या फायली बघताक्षणी कळायचं की हा मजकूर आणखी पाच ठिकाणी गेलाय. एकात तर दुसऱ्याच शिष्यवृत्तीचं नाव राहून गेलं होतं.

आता गुणांबद्दल. एका मुलीचा अर्ज मला अजून आठवतो, गुण साधारण तुझ्यासारखेच. तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतला तराजू कधी बरोबर तर कधी चूक वजन दाखवायचा. सगळे त्याला शिव्या घालून पुढे जायचे. हिने तीन महिने रोज सकाळी तेच एक वजन त्यावर ठेवलं, आकडा लिहिला, शेजारी खोलीचं तापमान लिहिलं, आणि तापमानाबरोबर आकडा कसा सरकतो त्याचा आलेख काढून सरांपुढे ठेवला. अर्जासोबतच्या निवेदनात पान-सव्वा पान एवढंच. त्या दिवशीच्या गठ्ठ्यात ‘लहानपणापासून मला विज्ञानाची आवड आहे’ अशी सुरुवात किती जणांनी केली होती ते मोजायचं मी सोडून दिलं होतं. तराजूवाली मुलगी मात्र चहाच्या वेळीसुद्धा आमच्या बोलण्यात होती.

तुझ्याकडे असा तराजू आहे का, ते शोध. असेल तर अर्ज कर. बाबांना मी सांगितलंय म्हणून सांग.

शिष्यवृत्ती आणि फेलोशिप यांत नेमका फरक काय?

काटेकोर नाही. साधारणपणे शिष्यवृत्ती म्हणजे शिकायला दिलेले पैसे: फी, राहणं, प्रवास. फेलोशिप म्हणजे काहीतरी करायला दिलेले पैसे: संशोधन, लेखन, एखाद्या संस्थेत काम. पण नावं ठेवणारे हा नियम पाळत नाहीत, त्यामुळे शब्दावर न जाता पत्राच्या आतलं वाचा. उदाहरणार्थ, युरोपातल्या मेरी स्क्वोदोव्स्का-क्युरी योजनेतल्या पीएचडीच्या जागांना लोक सर्रास फेलोशिप म्हणतात, पण तिथे नोकरीचा करार होतो, पगार मिळतो आणि त्यातून करही कापला जातो. शिवाय एक अट अशी की रुजू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. आधी जाऊन राहू, मग तिथूनच अर्ज करू, असा बेत करणारे नेमके इथे अडकतात.

सरांकडे शिफारसपत्र मागितलं तर म्हणाले, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ मैत्रीण म्हणते सगळे असंच करतात. लिहू का?

सगळे करतात, हे खरं आहे. आणि ते कळतं, हेही खरं आहे.

एका वर्षी एकाच मुलाची तीन पत्रं आमच्यापुढे आली, तीन वेगळ्या प्राध्यापकांची. तिन्हींत तो ‘जन्मजात नेता’ होता आणि तिन्हींत एकाच शब्दाचं स्पेलिंग एकाच पद्धतीने चुकलेलं. मुलगा चांगला होता, निवेदनही बरं होतं, पण त्यानंतर त्याच्या फाइलमधल्या कशावरच कोणाचा विश्वास बसेना. दुसरी गोष्ट, स्वतःबद्दल लिहिताना माणूस एकतर संकोचतो नाहीतर विशेषणांचा पाऊस पाडतो. शिक्षक असं लिहीत नाहीत. ते लिहितात, ‘दुसऱ्या सत्रात हिने माझी मांडणी भर वर्गात खोडून काढली, आणि ती बरोबर होती.’ हे वाक्य तुला स्वतःबद्दल लिहिताच येणार नाही.

पण सरांचीही बाजू आहे. दीडशे मुलं, त्यातली वीस पत्र मागणारी, आणि तू कोण हे त्यांना पुसट आठवतंय. तेव्हा पत्र लिहून नेऊ नकोस, टिपण ने. एकच पान. कोणत्या वर्षी त्यांचा कोणता विषय घेतला होतास, प्रकल्प कशावर केलास, त्यात कुठे अडलीस आणि मग काय केलंस, त्यांनी तेव्हा तुला काय सांगितलं होतं. खाली शिष्यवृत्तीवाले नेमकं काय शोधतायत ते दोन ओळींत, आणि शेवटची तारीख ठळक. मुद्दे दे, वाक्यं देऊ नकोस. बहुतेक सर खूश होतात, कारण त्यांचं निम्मं काम झालेलं असतं.

आणि मागताना असं विचार: ‘सर, माझ्याबद्दल तुम्हाला मनापासून चांगलं लिहिता येईल का? नसेल तर मी दुसऱ्या कोणाला विचारते, काही वाटून घेणार नाही.’ उत्तर देताना ते अडखळले तर खरंच दुसऱ्या कोणाला विचार. विभागप्रमुखांच्या चार कोमट ओळींपेक्षा तुला ओळखणाऱ्या नव्या प्राध्यापिकेचं दीड पान केव्हाही वजनदार. सहा आठवडे आधी सांग. हल्ली बहुतेक ठिकाणी पत्र थेट शिक्षकांकडून पोर्टलवर जातं. त्यांना ईमेलने लिंक येते आणि ती हमखास स्पॅममध्ये जाऊन बसते. लिंक आली का, हे विचारायला लाजू नकोस. तिथे त्यांचा संस्थेचा ईमेल पत्ता दे, घरगुती नको.

मी फ्रेंच सरकारच्या आयफेल शिष्यवृत्तीचा अर्ज दोन दिवस शोधतोय, सापडत नाहीये.

सापडणार नाही. आयफेलला विद्यार्थी स्वतः अर्ज करत नाही, फ्रान्समधली संस्था त्याचं नाव पाठवते. तुम्ही त्या संस्थेत प्रवेशासाठी अर्ज करायचा आणि आयफेलसाठी माझा विचार करा असं वेळेत कळवायचं. संस्थांची आतली मुदत आधी संपते, तेव्हा घाई करा. आणि यात शिक्षणशुल्क धरलेलं नसतं, तेही आत्ताच संस्थेला विचारून ठेवा.

दारं प्रत्येक ठिकाणी वेगळी असतात. जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीला दोन आहेत, एक वकिलातीतून, एक विद्यापीठातून. युरोपीय संघाच्या एरास्मस मुंडुस शिष्यवृत्तीत थेट त्या-त्या अभ्यासक्रमाकडे अर्ज जातो आणि किमान दोन देशांत शिकावं लागतं. गेट्स केंब्रिजसाठी केंब्रिजच्या प्रवेश अर्जातच निधीचा भाग भरायचा असतो. शेवनिंगमध्ये शिष्यवृत्तीचा अर्ज वेगळा आणि विद्यापीठांचे वेगळे, तेही तीन अभ्यासक्रमांचे. ‘फॉर्म कुठे आहे’ याआधी ‘निवड कोण करतं’ हे शोधलंत तर दोन दिवस वाचतात.

पदवी होऊन चार वर्षं झाली. नोकरी करते. आता उशीर झाला का?

काही ठिकाणी उलट आत्ताच वेळ झाली. शेवनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, ते तो तासांत मोजतात, २८०० तास. डाडच्या ज्या शिष्यवृत्तीबद्दल वर लिहिलं तिथेही दोन वर्षं काम हवं, पण शेवटची पदवी साधारण सहा वर्षांहून जुनी नको. म्हणजे तुमच्याकडे दोनेक वर्षं आहेत. बीजिंगच्या चिंगह्वा विद्यापीठातल्या श्वार्झमन शिष्यवृत्तीला वयाची २९ पूर्ण झालेली चालत नाहीत. एका कागदावर आपलं जन्मवर्ष आणि पदवीचं वर्ष लिहा आणि त्याखाली कुठलं दार केव्हा बंद होतं ते मांडा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण लोक ते दोन वर्षं करत नाहीत.

शिकून परत यायची अट असते म्हणे. मुलाचे वडील म्हणतात, असल्या बंधनात अडकायचंच नाही. काय करावं?

अट असते, आणि ती सही करण्याआधी वाचायची असते. शेवनिंगनंतर निदान दोन वर्षं आपल्या देशात परतावं लागतं. फुलब्राइटवर जाणाऱ्यांच्या जे-१ व्हिसाला दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते, त्याआधी अमेरिकेत कायम राहण्याचा किंवा तिथल्या नेहमीच्या नोकरीचा व्हिसा मिळत नाही. काही योजनांत पैसे परत करण्याचं कलम असतं, जामीनदार लागतो. अशा वेळी कागद वकिलाला दाखवा.

पण अट म्हणजे फसवणूक नव्हे. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, आणि शिक्षणानंतर संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून देऊन. परतल्यावर बडोद्यात त्यांना जातीमुळे राहायला जागासुद्धा मिळू दिली गेली नाही, ती नोकरी टिकली नाही. देणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी करार निभावण्याची जागा कशी असेल हे कोणी आधी सांगू शकत नाही. तेव्हा नुसती ‘अट आहे का’ एवढं बघू नका. परत आल्यावर मुलगा काय करणार, हे त्याच्याशी बोला. त्याच्याशी, त्याच्या वतीने नव्हे. पत्र तुम्ही लिहिलंत, त्याने नाही, हे माझ्या लक्षात आलंय.

एका सल्लागाराने ‘हमखास शिष्यवृत्ती’साठी नोंदणीचे पैसे मागितलेत.

देऊ नका. शेवनिंग, ऱ्होड्स, डाड यांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला शुल्क नसतं. विद्यापीठाच्या प्रवेश अर्जाला मात्र असू शकतं, दोन्हींची गल्लत करू नका. आणि हमखास काहीच नसतं.

दोन वर्षं लागोपाठ नकार आला. कारणही सांगत नाहीत. तिसऱ्यांदा प्रयत्न करू की सोडून देऊ?

कारण सांगत नाहीत, कारण बरेचदा सांगण्यासारखं नसतं. शेवटच्या पंधरा फायलींत कोणीही वाईट नसायचं, आणि जागा असायच्या चार. मग समितीत कोण त्या दिवशी कोणासाठी भांडलं, यावर ठरायचं. हे ऐकून बरं वाटणार नाही, पण आहे ते असं.

सोडायचं की नाही हे एका गोष्टीवर ठरवा: गेल्या अर्जापासून तुमच्याकडे नवीन काय आहे? तोच मजकूर भाषा घासूनपुसून पाठवणार असाल तर एक वर्ष थांबा. माझ्या पहिल्या अर्जात मला ‘पाणीप्रश्न सोडवायचा’ होता, दोन पानांत. मुलाखतीलाही बोलावलं नाही. दुसऱ्यांदा तेच जरा बऱ्या इंग्रजीत लिहिलं, मुलाखतीपर्यंत पोहोचले. तिथे एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, ‘तुम्ही शेवटची विहीर कधी मोजलीत?’ मी एकही मोजली नव्हती. त्या वर्षी घरी येऊन खूप रडले, त्यांना मनात बरंच काही बोलले, आणि मग दोर आणि मोजपट्टी घेऊन चौदा विहिरींची पातळी आठ महिने मोजली, दर रविवारी. दोन विहिरींचे आकडे मला शेवटपर्यंत कळले नाहीत, तेही तसंच लिहिलं.

तिसऱ्या अर्जाच्या मुलाखतीला तेच गृहस्थ होते. म्हणाले, ‘पाण्यावर बोलणाऱ्या तुम्हीच ना?’ मी म्हटलं, हो, पण या वेळी फक्त त्या दोन विहिरींबद्दल बोलायचंय.